कटसीन सगळे स्किप का करतात? आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात लेव्हल एडिटरबद्दल लिहिलं आणि त्यावर जे मेल आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीवर अडलेले, लेव्हल बांधून झालीय, आता तिच्यात छोटासा सिनेमा घालायचाय आणि तो काही केल्या सिनेमासारखा दिसत नाहीये. म्हणून या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त कटसीन, म्हणजे गेमच्या मधे येणारे हे छोटे सिनेमे, घेतेय. काही पत्रं कापून छोटी केलीयत, रागावू नका.

ताई, मी वॉरक्राफ्ट ३ च्या वर्ल्ड एडिटरमध्ये कॅम्पेन बनवतोय. सुरुवातीला तीन मिनिटांचा इंट्रो आहे, राजा, त्याचा भाऊ, जुनं वैर, सगळं त्यात येतं. ज्यांना टेस्टिंगला दिलं त्या सगळ्यांनी एस्केप दाबून तो उडवला आणि वर मलाच विचारतात की हा निळा माणूस कोण. स्किप बंदच करून टाकू का? — वैतागलेला मॅपमेकर

अरे बाबा, स्किप बंद केलास तर लोक मॅपच बंद करतील. जो पहिल्या लढाईत मेलाय आणि पुन्हा सुरुवातीपासून आलाय त्याला तोच राजा तेच डायलॉग मारताना परत बघायला लावणार का तू?

खरी अडचण अशी आहे की इंट्रो चालू असतो तेव्हा खेळाडूने अजून एक बटणसुद्धा दाबलेलं नसतं, त्याला तुझा राजा माहीत नाही, भाऊ माहीत नाही, मग त्यांच्या वैराचं त्याला काय पडलंय? पहिली पाच मिनिटं खेळायला जेवढं लागतं तेवढंच पुढे ठेव, मी कुठे आहे, कुठे जायचंय, मागे कोण लागलंय. तीस सेकंदात बसतं हे, मोजून बघ. भावाची भानगड पहिल्या लढाईनंतर आण, तो भाऊ समोर येऊन उभा राहील तेव्हा. आणि 'हा निळा माणूस कोण' हा प्रश्न तर छान आहे, पडू दे की खेळाडूला.

मधली बरीच माहिती कंट्रोल न काढून घेताही देता येते. वॉरक्राफ्टमध्ये ट्रान्समिशन आहेच, सैनिक रस्त्याने चालतायत आणि चालता चालता एक बोलतोय, सिनेमॅटिक मोड लावायची गरजच नाही. १९९८ च्या हाफ-लाइफने तर कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ खेळाडूच्या डोळ्यातच ठेवला, सुरुवातीचा लांबलचक ट्रेनचा प्रवास आहे पण डब्यात तुम्ही फिरू शकता, या खिडकीतून त्या खिडकीतून बघू शकता, म्हणून तो सहन होतो, नव्हे आवडतो.

आता स्किपचं तांत्रिक अंग, कारण इथे बहुतेक मॅप फुटतात. एस्केप दाबल्यावर जो 'प्लेयर स्किप्स अ सिनेमॅटिक सीक्वेन्स' इव्हेंट येतो तो तू पकडतोस, कॅमेरा परत आणतोस, काळ्या पट्ट्या काढतोस आणि झालं म्हणतोस. पण सीन पूर्ण चालला असता तर त्यात दार उघडलं असतं, हीरो पुलावर पोचला असता, दोन सैनिक तुझ्या ताब्यात आले असते, आणि स्किप करणाऱ्याला यातलं काहीच मिळालं नाही, तो बंद दारासमोर उभा. म्हणून सीनचा जो काही परिणाम असेल तो सीनच्या मधे ठेवायचाच नाही, त्याचं एक वेगळं ट्रिगर (एडिटरमधली सूचनांची यादी) करायचं, दार उघड, हीरोला सरळ पुलावर ठेव, सैनिक दे, म्युझिक बदल, आणि सीन आपोआप संपो नाहीतर स्किप होवो, शेवटी दोघांनीही तेच ट्रिगर चालवायचं. दुसरं म्हणजे वेट, म्हणजे 'इतके सेकंद थांब', लावलेलं ट्रिगर स्किप केल्याने थांबत नाही, ते मागे गुपचूप चालूच राहतं आणि वीस सेकंदांनी ऐन लढाईत राजा बोलायला लागतो! त्यामुळे 'स्किप झालंय' असं एक बूलियन, म्हणजे खरं की खोटं एवढंच सांगणारी खूण, ठेव आणि प्रत्येक वेटनंतर ते तपास, खरं असेल तर पुढच्या अॅक्शन सोडून बाहेर पड. मग सीन पहिल्या सेकंदाला, मधे आणि अगदी शेवटच्या सेकंदाला स्किप करून बघ. शेवटच्या सेकंदाचा बग सगळ्यात खोडसाळ असतो, कारण त्यात शेवटचं ट्रिगर दोनदा चालतं आणि दोनाऐवजी चार सैनिक मिळतात.

माझ्या लेव्हलमधला कॅमेरा सिनेमासारखा वाटतच नाही, गेम खेळताना कुणीतरी रेकॉर्डिंग केल्यासारखा वाटतो. मॉडेल चांगली आहेत, लाइटिंगवर पण खूप काम केलंय. सीन असा की एक माणूस किल्ल्याच्या दाराशी येतो आणि कुलूप उघडतो. मी कॅमेरा किल्ल्याभोवती पूर्ण फिरवून दारापर्यंत आणलाय. — कॅमेरा-काका

काका, मॉडेल आणि लाइटिंगचा दोष नाही हा, तुमच्या एफओव्हीचा आहे, म्हणजे कॅमेऱ्याला किती रुंद दिसतं त्या कोनाचा. तुम्ही खेळताना असतो तोच ठेवलाय ना, ९०? छत्तीस मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर ९० अंश म्हणजे १८ मिलिमीटरची लेन्स, म्हणजे चांगलीच वाइड. खेळताना ती बरोबर आहे, कडेने येणारा शत्रू दिसायला हवा, पण तीच लेन्स चेहऱ्याजवळ नेली की नाक पुढे येतं, कान मागे जातात आणि मागचा किल्ला एवढुसा होऊन लांब पळतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा कॅमेरा सुरुवातीला ५० मिलिमीटरवर असतो, त्याचा कोन ४० अंशांच्या जवळपास येतो. चेहऱ्याला तेवढाच ठेवा, मोठ्या शॉटला ५५-६० करा आणि कॅमेरा त्या हिशोबाने मागे घ्या. फक्त एवढं बदलून बघा, बाकी कशाला हात लावू नका.

मग ते फिरणं. टूम्ब रेडरचा एडिटर २००० साली आला तेव्हापासून त्यातले फ्लायबाय, म्हणजे हवेतून फिरत जाणारे, कॅमेरे लोकांना इतके आवडले की आजही प्रत्येक नवीन माणूस पहिल्या लेव्हलमध्ये अख्ख्या इमारतीची प्रदक्षिणा घालतोच. आपण जे बांधलंय ते दाखवायची हौस असते, मला कळतं ते. पण बघणाऱ्याला त्यातून कळतं काय? किल्ला मोठा आहे. बस.

तुमचाच सीन मी असा करेन. पहिला शॉट लांबून, कॅमेरा अजिबात न हलवता, दार प्रचंड, माणूस खाली बारीकसा, तो चालत दाराशी जातो, तीन सेकंद. मग थेट त्याचा चेहरा, खांद्याच्या थोडा वर, हात फ्रेमच्या बाहेर, आणि किल्लीचा आवाज फक्त ऐकू येतो. हात मुद्दाम टाळलाय, गेममधल्या बहुतेक मॉडेलची बोटं जवळून बघवत नाहीत आणि किल्ली त्यांच्यात धड पकडलीच जात नाही, तर कशाला दाखवायची? चेहऱ्यावर दोन सेकंद थांबा, कुलूप फिरल्याचा खट्ट आवाज याच शॉटमध्ये येऊ दे, त्याने डोळे जरा वर केले की तिसरा शॉट, त्याच्या पाठीमागून, दार उघडायला लागतंय, आणि दार अर्धं उघडलेलं असतानाच कंट्रोल खेळाडूच्या हातात. साधारण सात सेकंद. पाठीमागचा शॉट शेवटी घेण्याचं कारण हे की तुमचा गेम थर्ड पर्सन असेल तर खेळायचा कॅमेरा तिथेच असतो, म्हणजे उडी जाणवत नाही.

एक नियम मात्र पाळा, दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामधून एक रेघ ओढलीय असं धरा आणि सगळे शॉट रेघेच्या एकाच बाजूने घ्या. एडिटरमध्ये कॅमेरा भिंतीतूनही जातो, त्यामुळे रेघ कधी ओलांडली हे कळतच नाही आणि मग दोघंही एकाच दिशेला बघून बोलतायत असं दिसतं. आणि कॅमेरा हलवायचाच असेल तर तो एकदम सुरू आणि एकदम बंद होऊ देऊ नका, सुरुवात-शेवट हळू करा, लिनियर कीफ्रेमवर (कीफ्रेम म्हणजे हालचालीचे आपण ठरवलेले टप्पे) एकाच वेगाने सरकणारा कॅमेरा लगेच ओळखू येतो.

वर-खाली काळ्या पट्ट्या लावल्याच पाहिजेत का? — पट्टीवाला

नाही. पण त्या लावल्याने 'आता कंट्रोल तुझ्याकडे नाही' हे न बोलता कळतं, म्हणून मला तरी आवडतात. हेल्थ बार, मिनीमॅप वगैरे मात्र लपवच, पट्ट्या असोत नसोत. सबटायटल खालच्या पट्टीत टाकणार असशील तर अल्ट्रावाइड आणि जुना चौकोनी असे दोन्ही मॉनिटर डोळ्यासमोर ठेव, कुठेतरी अक्षरं कापली जातातच.

कटसीन चालू असताना शत्रू येऊन माझ्या हीरोला मारतात!! आणि एकदा तर स्क्रीनवर दोन हीरो दिसले, एक डायलॉग बोलणारा आणि एक मागे पुतळ्यासारखा उभा. हे कसं काय? — दोन-दोन हीरो

हसले मी हे वाचून, पण प्रश्न एकदम बरोबर आहे आणि जवळपास प्रत्येकाचा आहे. इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, कोणतंही असो, कॅमेरा दुसरीकडे नेला म्हणून खेळाडू नाहीसा होत नाही, त्याचं शरीर जिथे होतं तिथेच उभं असतं, मार खायला मोकळं. तू सीनसाठी हीरोची दुसरी कॉपी ठेवलीयस, तिला अॅनिमेशन दिलंयस, आणि खरा हीरो मागे तसाच राहिला, म्हणून दोन.

सोपा क्रम सांगते. ट्रिगर लागला की कंट्रोल काढ, खेळाडूला काही लागणार नाही असं कर, अर्ध्या सेकंदाचा काळा फेड. त्या अंधारात सगळं आवरून घ्यायचं, खऱ्या हीरोला अदृश्य करायचं, आजूबाजूच्या शत्रूंचं एआय थांबवायचं नाहीतर त्यांना सरळ काढून टाकायचं, नकली हीरो जागेवर ठेवायचा. हवेत असलेला ग्रेनेड, उडालेली गोळी, हेही विसरू नकोस, एआय थांबवल्याने ग्रेनेड थांबत नाही. शेवटी पुन्हा अर्धा सेकंद काळं, नकली गायब, खरा हीरो नकली जिथे थांबला होता तिथे आणि त्याच दिशेला तोंड करून. ही दिशा लोक हमखास विसरतात आणि मग सीन संपल्यावर खेळाडू भिंतीकडे बघत उभा असतो.

याहून चांगलं म्हणजे शत्रू जिवंत असताना सीन सुरूच होऊ न देणं. खोलीतला शेवटचा शत्रू पडला की मगच दार उघडतं आणि दाराच्या पलीकडे ट्रिगर, म्हणजे निम्मी डोकेदुखी गेली.

अजून दोन गोष्टी. खेळाडूने आधी खेळताना एखादं खोकं ढकलून नेमकं तुझ्या नटाच्या वाटेत आणून ठेवलेलं असतं, नट त्याला धडकून जागच्या जागी चालत राहतो आणि पुढचा शॉट येतच नाही, कारण तू 'पोचला की पुढे' असं लावलंयस. सोबत टायमर लाव, अमुक सेकंदात नाही पोचला तर त्याला उचलून तिथे ठेव आणि पुढे चल, शक्यतो कॅमेरा दुसरीकडे असताना. आणि कॅमेरा खेळाडूपासून फार लांब नेणार असशील तर तिथलं जग लोड झालंय का बघ. माइनक्राफ्टमध्ये चंक, म्हणजे जगाचे तुकडे, खेळाडूच्या आजूबाजूचेच लोड होतात, लांबचा डोंगर दाखवायला गेलास तर तिथे काहीच नाही असंही होतं, त्यामुळे अंधारात खऱ्या खेळाडूलाच लपवून तिकडे नेऊन ठेवायचं. सीनच्या मधे क्विकसेव्ह बंद ठेव, कुणीतरी तिथे सेव्ह करणारच.

ब्लेंडरमध्ये रेंडर करून व्हिडिओ लावू की इंजिनमध्येच कटसीन करू? ब्लेंडर चांगलं येतं मला, पण लॅपटॉप साधा आहे. — रेंडरच्या रांगेत

आधी गणित कर, मग ठरव. २४ फ्रेमने एक मिनिट म्हणजे १४४० फ्रेम. तुझ्या लॅपटॉपवर एका फ्रेमला एक मिनिट लागत असेल तर एक मिनिटाचा सीन म्हणजे बरोब्बर २४ तास, आणि तेही सगळं पहिल्याच फटक्यात बरोबर आलं तर, जे येत नाही. त्यात सेकंदाला आठ मेगाबिटचा व्हिडिओ मिनिटाला साधारण ६० एमबी जागा खातो, कधीकधी अख्ख्या लेव्हलपेक्षा कटसीन जड होतो.

पण मला व्हिडिओतली खरी अडचण वेगळीच वाटते. खेळाडूने लाल चिलखत घातलंय, हातात भाला आहे, आणि व्हिडिओत हीरो साध्या कपड्यात तलवार घेऊन उभा, कारण रेंडर करताना तुला काय माहीत तो काय घालणार ते. इंजिनमध्ये केलं की हा प्रश्न येत नाही, नंतर लेव्हलची भिंत हलवलीस तर सीनमध्येही आपोआप हलते. त्यासाठी अनरियल इंजिनमध्ये सीक्वेन्सर आहे, युनिटीत २०१७ पासून टाइमलाइन आहे, गोडोमध्ये अॅनिमेशनप्लेयरने कॅमेरा, आवाज, फंक्शन सगळंच चालवता येतं. अॅनिमेशन ब्लेंडरमध्येच कर की, ती इंजिनमध्ये आण आणि कॅमेरे तिथे लाव, म्हणजे तुझं कौशल्यही वाया जात नाही. पूर्ण व्हिडिओ मी फक्त अशा ठिकाणी वापरेन जे लेव्हलमध्ये नाहीच, स्वप्न, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, शहर कोसळणं वगैरे, आणि तिथे स्टाइलच वेगळी ठेवली, नुसती हलणारी चित्रं वापरली तरी भागतं.

रेंडर केलंसच तर थेट एमपी४ काढू नकोस. पीएनजी फ्रेम काढ आणि नंतर जोड, म्हणजे ९०० व्या फ्रेमला लाइट गेली तर ९०१ पासून पुढे सुरू करता येतं. गोडो वापरणार असशील तर त्याला स्वतःहून ऑग थिओरा हा व्हिडिओचा प्रकारच कळतं, एमपी४ टाकून 'चालत नाही चालत नाही' करत बसू नकोस.

माझी पात्रं लाकडासारखी उभी राहून बोलतात. ओठ पण जुळत नाहीत, आणि डायलॉग इंग्रजीत नाहीयेत. — लाकडी बाहुल्या

ओठांचं नंतर बघू, आधी डोळे. माणूस वळतो तेव्हा सगळं एकदम वळत नाही, डोळे दोन-तीन फ्रेम आधी जातात, मग डोकं, मग छाती, आणि वळताना पापणी मिटते. तुझ्या पात्राचं डोकं आणि छाती एकाच फ्रेमला सुरू होऊन एकाच फ्रेमला थांबत असणार. कीफ्रेम नुसत्या पुढेमागे सरकव, नवीन काही करायची गरज नाही.

दुसरं, मागे उभे असलेले सैनिक बघ. सगळ्यांना एकच आयडल, म्हणजे नुसतं उभं असतानाचं, अॅनिमेशन लावलंय ना, म्हणजे सगळे एकाच वेळी श्वास घेतात, एकाच वेळी खांदे खाली! प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या फ्रेमपासून कर, एकाचा वेग थोडा कमी कर. पाच मिनिटांचं काम आहे पण फरक लगेच दिसतो. आणि बोलणाऱ्याला काहीतरी काम दे रे, पट्टा आवळ, खिडकीतून बाहेर बघ, नकाशा गुंडाळ.

ओठांसाठी ऱ्हुबार्ब लिप सिंक म्हणून फुकट टूल आहे, ते आवाजाच्या फाइलवरून कुठल्या क्षणाला तोंडाचा कोणता आकार ते सांगतं, मूळ आकार सहाच आहेत. त्याचा नेहमीचा मोड इंग्रजीसाठी आहे, तुझ्या डायलॉगसाठी फोनेटिक रेकग्नायझर (शब्द नाही, नुसते उच्चार ओळखणारा मोड) निवड, भाषा कोणतीही असली तरी बऱ्यापैकी जमतं. त्यातून जे येईल त्यातले निम्मे आकार काढून टाक असं मी सांगेन, कारण तोंड फार फडफडलं की जास्त खोटं वाटतं, फक्त प, ब, म ला ओठ मिटलेच पाहिजेत, तिथे चूक झाली तर लगेच दिसते. आणि सगळ्यात लांब वाक्य ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेव. कष्ट वाचतात आणि सीनही सुधारतो, कारण गंमत बरेचदा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरच असते.

हे गेममध्ये सिनेमे करायचं खूळ कधीपासूनचं? मुलगा दिवसभर तेच करतो म्हणून विचारतो. — एक बाबा

तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जुनं आहे. १९९६ साली क्वेक आला, त्यात खेळ रेकॉर्ड करायची सोय होती, आणि त्याच वर्षी एका खेळाडू-गटाने त्यातच अभिनय करून दीड मिनिटाच्या आसपासची गोष्ट बनवली. आवाज नव्हते, संवाद अक्षरात टाइप करून दाखवले, पण कॅमेरा खेळाडूच्या डोळ्यातून बाहेर काढून वेगळा ठेवला, आणि तीच नवी गोष्ट होती. ते रेकॉर्डिंग म्हणजे व्हिडिओ नव्हता, कोण कुठे होता याची नोंद होती, त्यामुळे नंतर कॅमेऱ्याची जागा बदलता यायची आणि फाइल छोटीशी राहायची. पुढे २०१२ मध्ये वॉल्व्ह या गेम कंपनीने सोर्स फिल्ममेकर हे असे सिनेमे करायचं सॉफ्टवेअर फुकट दिलं, आता तर नुसता सिनेमाच करायचा असेल तर लेव्हल खेळायचीही गरज नाही. मुलगा जे करतोय त्यात शॉट, एडिटिंग, आवाज, थोडं प्रोग्रामिंग असं सगळंच येतं. त्याला जेवायला मात्र उठवा.

माझ्या कटसीनला मी आवडीचं गाणं लावलंय आणि एक पात्र दुसऱ्या गेममधून काढून घेतलंय. लेव्हल फुकटच देणार आहे, मग चालेल ना? — फुकटवाला

फुकट दिल्याने परवानगी मिळाली असं होत नाही. गेमच्या कंपन्या यात कधीकधी मोकळ्या असतात, मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये आपल्या गेममधून सिनेमे करणाऱ्यांसाठी नियमच काढले आणि पैसे न कमावता केलं तर करा म्हणाले, पण ती परवानगी त्यांच्या मालापुरती. दुसऱ्या कंपनीच्या गेममधून काढलेलं पात्र त्यात बसत नाही, आणि गेममधलं संगीतही बरेचदा कंपनीने तिसऱ्याच कुणाकडून घेतलेलं असतं. पात्र बदल, सरळ सांगते.

गाण्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे वापरायची परवानगी आधीच दिलेल्या गाण्यांत शोध, पण लायसन्सची अक्षरं नीट वाच. सीसी झिरो असेल तर बिनधास्त घे, बीवाय असेल तर नाव दे. एनडी (बदल करायला मनाई) लिहिलेलं मात्र सोड, कारण त्या लायसन्सच्या हिशोबाने चित्राला संगीत जुळवणं म्हणजे त्याच्यात बदल करणं धरतात, नुसतं मागे वाजवलं म्हणून सुटका नाही. एसए असेल तर तुझा सीनही तशाच अटीवर द्यावा लागेल, तुझी हरकत नसेल तर घे. आणि जे काही घेशील त्याचं नाव, लिंक, लायसन्स त्याच दिवशी एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेव, लेव्हल तयार झाल्यावर शोधायला बसलास तर निम्म्या फाइलींची नावं 'फायनल २' अशीच सापडतील.